म्हणे ‘त्यांच्या गरजाच कमी’!

‘कमी मजुरी म्हणजे शोषण नव्हे’ असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर तो मामांनी टाकला, वर ‘अगदी बरोबर’ असा शेरा मारून. मामांची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, म्हणून मला गप्प बसवेना. मेसेजचं म्हणणं असं: अमेरिकेच्या मजुरीशी तुलना करू नका, मजूर स्वखुशीने येतो, काम दिलं नाही तर तो उपाशी मरेल, बांगलादेश अशाच मजुरीवर वर आला, आणि पेठ-सुरगाण्यासारख्या नाशिकच्या आदिवासी तालुक्यांतल्या माणसाच्या गरजाच कमी, जास्त दिले तर दारूत घालवतो.

डॉलरचं मान्य. तिथला तासाचा दर रुपयांत मांडून इथे डोळे विस्फारण्यात अर्थ नाही. पुढे?

गरजांचं वाचून डोकंच फिरलं. तेलाच्या पिशवीवर छापलेली किंमत सुरगाण्याला वेगळी आणि नाशिकच्या कॉलेज रोडला वेगळी असते का? उलट कॉलेज रोडवाला पाच लिटरचा डबा सवलतीत उचलतो, आणि रोजचं दहा-वीस रुपयांचं सुटं तेल नेणारीला लिटरमागे जास्तच पडतं. मोबाइलचा रिचार्ज तोच. मोठं दुखणं निघालं तर नाशिकच गाठायचं, वर गाडीभाडं. हातात येतात तेवढ्यात भागवतात बिचारे, त्याला तुम्ही गरज कमी म्हणता! 1957 च्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतनाचा हिशोब ठरला तो प्रौढ माणशी 2700 कॅलरी, कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड, वर घरभाडं, जळण असा. आदिवासी असेल तर कॅलरी कमी धरा, असं त्यात नाही. राहिली दारू. वाईनची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या नाशिकने मजुराच्या क्वार्टरवर नाक मुरडावं, कमाल आहे.

आता ‘स्वखुशी’. याचा निकाल 1982 मध्येच लागलाय, अगदी शब्दशः. दिल्लीत एशियाडची बांधकामं करणाऱ्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. न्यायमूर्ती भगवतींच्या खंडपीठाने सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं ही संविधानाच्या कलम 23 ने बंदी घातलेली सक्तीची मजुरी आहे. सक्तीला काठीच लागते असं नाही. भुकेपोटी दुसरा मार्गच उरत नाही, तीही सक्तीच. आणि हे कलम खाजगी मालकालाही लागू. म्हणजे ‘नाहीतर उपाशी मरेल’ असं लिहून मेसेजवाल्याने स्वतःच स्वखुशी खोडून काढली!

उचलीचं, म्हणजे आगाऊ दिलेल्या पैशांचं, तर मेसेजमध्ये नावच नाही. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, छाटणीला टोळीबरोबर उतरायचं, आठवड्याला मीठ-मिरचीपुरते पैसे हातात, बाकीचे उचलीत वळते. मधेच घरी जायचं म्हटलं की ‘आधी उचल फेड’. जाता येत नाही तिथे रोजंदारी किती, हा प्रश्न नंतरचा. इगतपुरी तालुक्यातली कातकरी पोरं चार-दोन हजारांवर मेंढ्या राखायला दिली गेल्याचं 2022 मध्ये उघड झालं. तीही स्वखुशीच म्हणायची का?

बांगलादेशात शिलाईच्या कारखान्यांमुळे लाखो बायकांच्या हातात स्वतःचे पैसे आले, हे खरं. पण एप्रिल 2013 मध्ये राना प्लाझा या तिथल्या शिलाई कारखान्यांच्या इमारतीच्या भिंतींना तडे गेलेले दिसत असूनही मजुरी कापण्याच्या धाकाने माणसं आत पाठवली, आणि इमारत कोसळून अकराशेहून जास्त मेली. तेही त्याच हिशोबात धरा.

खाली मामांनी स्वतःचं एक वाक्य जोडलंय: ‘आम्हालाच भाव मिळत नाही, मजुरी कुठून वाढवू?’ भावाचं रडगाणं खोटं नाही. पण मामा, व्यापारी तुमच्या मालाचे पैसे बुडवून पळाला तेव्हा ‘मी स्वखुशीने सौदा केला होता’ म्हणून तुम्ही घरी बसला नाहीत, पोलीस ठाण्यात गेलात.