टीम बघतेय

शनिवारी सकाळी ११ वाजून ७ मिनिटांनी आमच्या कुकरची तिसरी शिट्टी झाली आणि मी इन्सिडेंट कमांडर झालो, म्हणजे बिघाड निस्तरताना कुणी काय करायचं ते ठरवणारा.

आमच्या कंपनीत ग्राहकांची पेमेंट अडकायला लागली होती. कॉलवर ३१ माणसं जमली होती, सगळी म्यूटवर, दहाव्याच्या घाटावर कावळ्याची वाट बघत बसल्यासारखी. त्यात माझी शिट्टी. "हा आवाज कुणाकडून आला? तुम्ही का? मग तुम्हीच चालवा." नेमणूक झाली. वरण पलीकडे शिजत राहिलं.

बिघाडात कुणी काय करायचं, याची ड्यूटीची यादी नव्हती असं नाही. एक्सेलमध्ये होती, एक्सेल अंतर्गत पोर्टलवर होतं आणि पोर्टल त्याच डेटाबेसवर, जो पडला होता. यात आमचं काही विशेष नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक जवळपास सहा तास बंद पडलं तेव्हा त्यांची आतली साधनंही त्याच खड्ड्यात गेली होती. म्हणून ही यादी छापून फ्रिजवर लावावी, फोनमध्ये ठेवावी, कुठेही ठेवावी. फक्त जे बंद पडू शकतं त्याच्या पोटात ठेवू नये. कुणीतरी डाउनलोड केलेली जुनी प्रत काढली. कमांडर म्हणून ज्यांचं नाव होतं, त्यांच्या निरोपाचे समोसे आम्ही मार्चमध्ये खाल्ले होते.

"डेटाबेस कोण बघतंय?" मी विचारलं.

"डेटाबेस टीम बघतेय, सर."

"टीममधलं कोण?"

"टीम, सर."

"म्हणजे आत्ता कीबोर्डवर बोटं कुणाची आहेत?"

"सर, वी आर ऑन इट."

"वी म्हणजे?"

"मी आणि टीम."

"मग तुम्ही बघताय?"

"नाही सर, मी को-ऑर्डिनेट करतोय. मी ताम्हिणीत आहे. रेंज जाईल मधे. पण काळजी नको, टीम आहे."

आणि रेंज गेली.

टीममध्ये एकूण चार जण निघाले. एक ताम्हिणीत. एक भाच्याच्या बारशाला. एक नोटीस पीरियडवर, तो प्रामाणिकपणे म्हणाला, "माझे ॲक्सेस कालच काढले." चौथी मुलगी लॅपटॉप उघडून ११ वाजल्यापासून तयार बसली होती, पण तिला परवानगी हवी होती ताम्हिणीतून. या शोधात १८ मिनिटं गेली. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.

टीमला काम दिलं की ते कुणालाच दिलेलं नसतं. काम द्यायचं ते नाव घेऊन, वेळ घालून, आणि समोरून होकार येईपर्यंत पुढे जायचं नाही: "तू आत्ता कनेक्शन किती उघडी आहेत ते बघ, १० मिनिटांत मला सांग. घेतलंस?" "घेतलं." हे 'घेतलं' महत्त्वाचं. "कुणी बघेल का?" असं ३१ जणांत विचारणं म्हणजे पंगतीत "मीठ कुणाला हवंय?" विचारण्यासारखं, सगळे शेजाऱ्याच्या पानाकडे बघतात.

बिघाड म्हणाल तर पाढ्यांचा होता. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस, तो मुळात एका वेळी १०० कनेक्शन देतो, त्यातली तीन व्यवस्थापकासाठी राखीव. आमचे चार सर्व्हर, प्रत्येकाचा पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) २० चा, म्हणजे ८०. शुक्रवारी संध्याकाळी (शुक्रवारी!) कुणीतरी सहा सर्व्हर केले. सहा विसे एकशेवीस. डेटाबेसने लॉगमध्ये, म्हणजे स्वतःच्या नोंदवहीत, लिहिलं, 'सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी'. त्या सकाळी मला सॉरी म्हणणारं तेवढं एकच.

आम्ही ताम्हिणीची रेंज शोधत असताना ॲप्लिकेशनवाल्यांनी "लोड दिसतोय" म्हणून न विचारता आणखी दोन सर्व्हर जोडले. एकशेसाठ. त्याच मिनिटाला तिसऱ्याच कुणीतरी डेटाबेस रीस्टार्ट केला, त्यामुळे कुठलं कनेक्शन कुणी धरून ठेवलंय हा सगळा पुरावा पुसला गेला आणि आठही सर्व्हर पुन्हा एकदम दारावर आले, सुटीच्या दिवशी स्वारगेटला एसटी लागावी तसे. दोघांचाही हेतू चांगलाच होता. म्हणून बदल करणारे हात एका वेळी एकाच माणसाचे हवेत, आणि ते कमांडरचे नकोत. कमांडर एकदा लॉगमध्ये शिरला की कॉल बेवारस होतो.

ही पदं संगणकवाल्यांनी शोधलेली नाहीत. १९७० साली कॅलिफोर्नियात वणवे पेटले, १६ माणसं गेली, आणि लक्षात आलं की पाणी आणि माणसं असूनही वेगवेगळ्या खात्यांना एकमेकांची भाषाच कळत नव्हती. त्यातून पुढे ही कमांडची पद्धत आली. एका माणसाच्या हाताखाली तीन ते सात, शक्यतो पाच, हा हिशोबही तिथलाच. माझ्या हाताखाली तीस होते.

खरं तर आपल्या लग्नघरात हे कधीच सुटलंय. कोठीची किल्ली एकाच आत्याच्या कमरेला. व्याह्यांशी बोलायला एकच काका, बाकीच्यांनी फक्त हसायचं. आमच्याकडे मात्र पेमेंट कधी सुरू होणार याच्या तीन जणांनी ग्राहकाला तीन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या. आणि आहेर लिहिणारा! तो वहीवरून उठत नाही, मठ्ठा जागेवर येतो. आमच्याकडे नोंद ठेवायला ज्याला बसवलं त्याने घड्याळातली वेळ लिहिली, आणि लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत. साडेपाच तासांचा फरक. कागदोपत्री आम्ही बिघाड होण्याआधीच कॉलवर होतो की नंतर, यावर सोमवारी एक तास चर्चा झाली.

११ वाजून ४० मिनिटांनी डायरेक्टरसाहेब आले आणि थेट हुकूम सोडू लागले. कमांड घ्यायलाही हरकत नसते. "आता माझ्याकडे" म्हणायचं, आधीच्याने "दिली" म्हणायचं, नोंदवणाऱ्याने वेळ टिपायची, पाच सेकंदांचं काम. ते झालं नाही, त्यामुळे एका होमाला दोन गुरुजी. ते म्हणत सर्व्हर वाढवा, मी म्हणत होतो काढा. शेवटी त्या चौथ्या मुलीने कुणाचंच न ऐकता जास्तीचे दोन काढले, पूल २० चा १२ केला, सहा सर्व्हर एकेक करून सुरू केले. ७२. पंधरा मिनिटांत पेमेंट वाहायला लागली. साहेब म्हणाले, "ग्रेट टीमवर्क."

काल अहवाल आला. विलंबाचं कारण: 'कमांडरकडून भूमिका निश्चित करण्यात १८ मिनिटे.' खाली पुढच्या कामांचा तक्ता. भूमिकांची यादी अद्ययावत करणे: प्लॅटफॉर्म टीम. कनेक्शनची मर्यादा तपासणे: डेटाबेस टीम. यादी पोर्टलबाहेर ठेवणे: संबंधित टीम. चौथ्या ओळीत मात्र माझं नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासह, एम्प्लॉयी नंबर टाकून: कॉलवर म्यूट पाळणे.