ऊद, गोठ्याचा वास आणि महागडी बाटली : एका प्रतिक्रियेला उत्तर

ऊद या अगरूच्या सुगंधी लाकडावरील माझ्या लेखाला आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे : आखातातला पैसा पाहून पाश्चात्त्य कंपन्यांनी २००० नंतर उदाचे फॅड उभे केले, त्यांच्या महागड्या बाटल्यांत ऊद नावालाही नसतो, अस्सल तेलाला गोठ्यासारखा वास येतो, तेव्हा त्याला उंची सुगंध म्हणणे हा निव्वळ दिखाऊपणा आहे, आणि या हौसेपायी जंगले मात्र संपत आहेत. बाटली आणि जंगल या दोन मुद्द्यांवर आपले बरेचसे बरोबर आहे, पण बाटली फसवी म्हणून उदाची ओढही फसवी, हा निष्कर्ष मला मान्य नाही.

गोठ्याच्या वासापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपले नाक मुळीच चुकलेले नाही. अगरूच्या निरोगी झाडाचे लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ गंधहीन असते. खोड अळीने पोखरले आणि त्या वाटेने बुरशी आत शिरली, की झाड बचावासाठी त्या भागात गडद राळ भरू लागते, आणि वर्षानुवर्षे राळ मुरलेले हेच लाकूड म्हणजे ऊद. (आपल्याकडे धुपाटण्यात घालतात तो ऊद म्हणजे लोबान, त्याचा येथे संबंध नाही.) आसामात गोलाघाट, जोरहाट, शिवसागर या भागांत सुपारीच्या आणि पानवेलींच्या शेजारी घराच्या परसातच ही झाडे लावलेली असतात. झाड तोडल्यावर कारागीर बारीक पटाशीने पांढरे लाकूड कोरून काढत काळ्या शिरा मोकळ्या करतात. उत्तम तुकडे जाळण्यासाठी बाजूला ठेवले जातात, आणि हलक्या प्रतीच्या ढलप्या पाण्यात कित्येक दिवस, कधी कधी आठवडे, भिजत घालून आंबवल्या जातात व मग भट्टीवर चढवल्या जातात. किलोभर लाकडातून हाताला लागते ते जेमतेम काही ग्रॅम तेल. आपल्याला आलेला गोठ्याचा वास बराचसा या आंबवण्यातून येतो, आणि तो दोष म्हणून राहून गेलेला नसतो. आखातातल्या बाजारात ‘हिंदी’, म्हणजे भारतीय, ऊद ओळखला जातो तोच मुळी या उग्र सुरुवातीमुळे.

परंतु ती सुरुवात आहे. अत्तरवाल्याने काचेच्या कांडीने मनगटावर थेंब टेकवला, की पहिली काही मिनिटे कमावलेले चामडे, ओले गवत आणि जुने चीज यांचा एकत्र भपका येतो, आणि बहुतेक लोक त्याच क्षणी हात मागे घेतात. हलके रेणू उडून गेले की मागे सेस्क्विटर्पीन नावाचे सावकाश उडणारे जड रेणू राहतात, मग संध्याकाळपर्यंत त्याच मनगटाला कोरडे लाकूड, तंबाखू आणि मध यांचा गंध येत राहतो. कपड्याला लागले असेल तर तो दुसऱ्या दिवशीही जात नाही. शिवाय राळेतले क्रोमोन नावाचे जड घटक ऊर्ध्वपातनात तेलाबरोबर फारसे येतच नाहीत. राखेने झाकलेल्या निखाऱ्यावर ढलपी ठेवली, तिच्या कडेला राळेचे बुडबुडे फुटू लागले, की उष्णतेने ते विघटित होऊन एक गोडसर सुगंध देतात, जो बाटलीतल्या तेलात शोधून सापडणार नाही. हिंगाची डबी हुंगून फोडणीविषयी मत द्यावे, तसे आपण कुपी हुंगून उदाविषयी दिले आहे.

बाटलीबद्दल मात्र मी आपल्या बाजूचा आहे. २००२ मध्ये इव्ह सेंट लॉरेंट या फ्रेंच फॅशन घराण्याचे ‘एम-७’ हे अत्तर आले, २००७ मध्ये टॉम फोर्डचे ‘ऊद वुड’ आले, आणि त्यानंतर प्रत्येक उंची घराण्याला आपल्या यादीत एखादा ऊद हवासा वाटू लागला. एवढ्या बाटल्यांना पुरेल इतके अस्सल तेल जगात नाही. जे आहे ते प्रत्येक भट्टीगणिक वेगळे निघते, आणि कारखान्याला तर दरवर्षी तोच गंध हवा असतो. त्यामुळे बहुतेक ठिकाणी ऊद रचला जातो : प्रयोगशाळेतले काष्ठगंधी रेणू, पचौली या वनस्पतीच्या पानांचे तेल, थोडे केशराचे अंग, वर गुलाब, आणि हमखास वापरला जाणारा एक घटक म्हणजे नागरमोथ्याचे तेल. होय, दिवाळीच्या उटण्यात पडतो तोच नागरमोथा. परदेशी दुकानात ‘गूढ पौर्वात्य ऊद’ म्हणून नाकाशी येणाऱ्या गंधाचा बराच भाग आपल्या मोरीत अभ्यंगाच्या पहाटे दरवळून गेलेला असतो, ही गोष्ट मला फार गमतीची वाटते. रचलेला ऊद वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. त्यातले काही कसबाने केलेले आहेत आणि अस्सल तेलापेक्षा ऑफिसात कितीतरी सुसह्य आहेत. आक्षेप घ्यायचा तर रचण्यावर नको, दुर्मिळ लाकडाची कहाणी सांगून त्या लाकडाच्या भावाने नागरमोथा विकण्यावर घ्यावा.

पण ‘२००० नंतरचे फॅड’ हे विधान टिकत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशात ठेवण्याच्या मौल्यवान वस्तूंमध्ये अगरूच्या जाती दिल्या आहेत, आणि त्यांत समुद्रापलीकडून येणारा वेगळा नोंदवला आहे. कामरूपाच्या, म्हणजे प्राचीन आसामच्या, भास्करवर्मा राजाने सम्राट हर्षाला पाठवलेल्या भेटींत काळ्या अगरूचे तेल होते, असे बाणभट्टाने लिहून ठेवले आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी अबू झैद अल-सिराफी हा अरबी लेखक सांगतो, की मुलतानच्या देवळात मूर्तीपुढे जाळण्यासाठी कामरूपचा ऊद येई, तो राळेने इतका मऊ असे की त्यावर मोहर उमटे, आणि अरब व्यापारी तो पुजाऱ्यांकडून विकत घेत. आसामचे जंगल, मुलतानचे देऊळ आणि अरबी गलबत या एका मालाने जोडलेली होती, आणि त्यात पॅरिस कुठेही नव्हते. हा व्यापार पुढेही आटला नाही. आसामातल्या होजाईच्या हाजी अजमल अली यांनी १९५१ मध्ये सुरू केलेला धंदा मुंबईमार्गेच आखातात पोहोचला.

आखातात ऊद हा केवळ श्रीमंतीचा देखावा आहे, हेही एकांगी आहे. तिथे जेवणानंतर धुपाटणे पाहुण्यांमध्ये फिरते, प्रत्येक जण धूर दाढीवर, कपड्यांवर घेतो, आणि ‘उदानंतर बैठक नाही’ या तिकडच्या म्हणीप्रमाणे निरोप घेतला जातो. जिथे सुगंधाला असे नेमून दिलेले काम आहे, तिथे त्याचा उग्रपणा खटकत नाही.

राहिला जंगलाचा प्रश्न. राळ धरली आहे की नाही हे बाहेरून खात्रीने कळत नाही, म्हणून निरोगी झाडेही तोडली गेली, आणि आसामातली जात आज जंगलात अतिसंकटग्रस्त मानली जाते. तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९५ पासून साइट्स या संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे आणि तो प्रस्ताव भारतानेच मांडला होता; २००५ पासून अगरूच्या सर्व जातींना ते लागू झाले. म्हणून ‘जंगली’ असे अभिमानाने सांगून विकले जाणारे तेल मी घेत नाही आणि वाचकांनाही सुचवत नाही. खोडाला भोके पाडून, बुरशी टोचून वाढवलेल्या बागांतल्या झाडाचे तेल मी पाव तोळा घेतो. ते जुन्या जंगली तेलाइतके खोल नसते, कारण झाड कोवळेपणीच तोडलेले असते. पण पहिल्या पाच मिनिटांचा गोठा त्यातही आहे, तेव्हा आपला तो आक्षेप कायम राहील.