जॉनी कॅश फॉल्समचे कैदी कधीच नव्हते

अमेरिकी कंट्री गायक जॉनी कॅश यांच्याविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यानुसार कॅश यांनी तरुणपणी एका माणसाला गोळी घातली, त्याबद्दल कॅलिफोर्नियातील फॉल्सम तुरुंगात कित्येक वर्षे काढली, ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे गाणे कोठडीतच लिहिले, आणि कैद्यांनी त्यांना डोक्यावर घेतले ते आपल्यातला माणूस म्हणूनच.

पहिला दावा नुसत्या सनावळीपुढेही टिकत नाही. कॅश यांचा जन्म १९३२ सालचा, आर्कान्सास राज्यातला. बालपण डायस येथे कापसाच्या शेतात गेले. १९५० साली ते हवाई दलात भरती झाले आणि जर्मनीतील लँड्सबर्गच्या तळावर सोव्हिएत सैन्याचे मोर्स संदेश टिपू लागले. १९५४ च्या जुलैमध्ये ते सेवामुक्त झाले, ऑगस्टमध्ये त्यांचे लग्न झाले, मेम्फिस शहरात त्यांनी दारोदार फिरून घरगुती उपकरणे विकली, आणि १९५५ साली सॅम फिलिप्स यांच्या सन रेकॉर्ड्स कंपनीने त्यांची पहिली तबकडी काढली. ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’चे ध्वनिमुद्रणही त्याच वर्षीचे. या क्रमात अनेक वर्षांचा तुरुंगवास बसवायला जागाच उरत नाही.

गाण्याची कल्पना त्यांना लँड्सबर्ग येथे फॉल्सम तुरुंगावरचा एक चित्रपट पाहून सुचली. चाल आणि बरेचसे शब्द मात्र संगीतकार गॉर्डन जेंकिन्स यांच्या ‘क्रेसेंट सिटी ब्लूज’ या गाण्यावरून उचललेले होते, आणि त्यापोटी कॅश यांना पुढे भरपाई द्यावी लागली. त्यांना या गाण्याबद्दल दोष द्यायचाच असेल तर तो यासाठी द्यावा. राहिला खून. गाण्यातला कैदी तो रेनो येथे करतो. रेनो नेवाडा राज्यात आहे आणि फॉल्सम हा कॅलिफोर्निया राज्याचा तुरुंग; नेवाडातल्या खुनाची शिक्षा तिथे भोगायची नसते. स्वतः शिक्षा भोगलेल्या माणसाने असे लिहिले असते, हे पटण्यासारखे नाही.

‘पण त्यांना अटक तर झाली होती,’ असे यावर सांगितले जाते, आणि ते खरे आहे. १९६५ साली एल पासो येथे त्यांच्या सामानात गिटारच्या पेटीत दडवलेल्या हजाराहून अधिक गोळ्या सापडल्या. मात्र ती उत्तेजक व शामक औषधे होती, हेरॉइन नव्हते, आणि प्रकरण दंड व स्थगित शिक्षेवर मिटले. त्याच वर्षी मिसिसिपीतील स्टार्कव्हिल येथे रात्री परक्याच्या आवारात फुले तोडताना पोलिसांनी त्यांना धरले. गोळ्यांच्या व्यसनाने त्या काळात त्यांची दुर्दशा केली होती आणि ती झाकण्याचे कारण नाही. तरीही कोठडीतल्या तुटक रात्रींना कारावास म्हणता येत नाही.

उरला कैद्यांच्या जयघोषाचा पुरावा. कॅश यांनी १३ जानेवारी १९६८ रोजी फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर केलेल्या कार्यक्रमाच्या तबकडीवर खुनाच्या ओळीनंतर जो जल्लोष ऐकू येतो, तो नंतर ध्वनिमुद्रणगृहात जोडलेला आहे. पहारेकऱ्यांच्या नजरेखाली बसलेले कैदी त्या क्षणी तसे ओरडले नव्हते.

मला या दंतकथेची खरी चीड येते ती मर्ल हॅगार्ड यांच्यामुळे. बेकर्सफील्ड येथील घरफोडीच्या प्रयत्नाबद्दल ते खरोखर सॅन क्वेंटिन तुरुंगात होते, तिथेच त्यांनी प्रेक्षकांत बसून कॅश यांचे गाणे ऐकले, आणि १९६० साली पॅरोलवर सुटल्यानंतर ते कंट्री संगीतातले थोर गायक झाले. १९७२ साली कॅलिफोर्नियाचे तत्कालीन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यांना माफी दिली. कैद्याचा गायक झाल्याची खरी कहाणी अशी हाताशी असताना ती पुसून कॅश यांच्या नावावर चढवणे, हा दोघांवरही अन्याय आहे.

कॅश यांच्या वाट्याचे श्रेय वेगळे आहे. शिक्षा भोगलेली नसतानाही त्यांनी १९५७ पासून तुरुंगांत जाऊन कार्यक्रम केले, ग्लेन शर्ली या फॉल्सममधील कैद्याने लिहिलेले गाणे त्याच्याच समोर गायले, आणि १९७२ साली अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे तुरुंगसुधारणेच्या बाजूने साक्ष दिली.