‘चिकटणं म्हणजे गोंद, त्यात संवाद कसला?’ – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मागच्या लेखावर इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तुमचे आक्षेप थोडक्यात सांगतो. पेशी भोवतालच्या प्रथिनांच्या जाळ्याला चिकटतात हे निव्वळ गोंदाचं काम आहे, त्याला मी ‘संवाद’ म्हणणं हा भाबडेपणा. त्या जाळ्यातलं फायब्रोनेक्टिन हे प्रथिन गेलं की कर्करोग होतो, असं मी ठोकून दिलं. आणि पन्नास वर्षांच्या या खटाटोपातून रुग्णाच्या पदरात काय पडलं?

मधल्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी आहे. विषाणूने कर्करोगी बनवलेल्या पेशींच्या पृष्ठभागावरून एक मोठं प्रथिन नाहीसं होतं, हे १९७३मध्ये रिचर्ड हाइन्स आणि एर्की रुओस्लाह्ती यांना स्वतंत्रपणे दिसलं. तेच पुढे फायब्रोनेक्टिन म्हणून ओळखलं गेलं. पण हे प्रथिन शुद्ध करून त्या पेशींना परत दिलं, तेव्हा त्या छान पसरल्या, आतल्या तंतूंच्या जुड्या पुन्हा बांधल्या गेल्या, दिसायला अगदी गुणी झाल्या; वाढायच्या मात्र थांबल्या नाहीत. हे १९७०च्या दशकातच कळलं होतं. मी ते गाळलं, कारण त्याशिवाय गोष्ट जास्त रंगत होती. लेख दुरुस्त केला आहे.

गोंदाबद्दल मात्र मी मागे हटणार नाही. पेशीच्या पृष्ठभागावरची जी प्रथिनं बाहेरच्या गोष्टींना पकडतात, त्यांना इंटेग्रिन म्हणतात. जखमेवर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेटचंच बघा. एकेका प्लेटलेटवर एकाच जातीची ५०,०००हून जास्त इंटेग्रिनं असतात आणि ती ज्याला पकडतात ते फायब्रिनोजेन हे प्रथिन रक्तात सदैव भरपूर असतं. इंटेग्रिन हा गोंद असता, तर आपलं सगळं रक्त जागच्या जागी थिजलं असतं. तसं होत नाही, कारण एरवी इंटेग्रिन कमरेत वाकून मिटलेलं असतं. रक्तवाहिनी फाटली की प्लेटलेटला बाहेरून इशारा मिळतो, आत टॅलिन नावाचं प्रथिन इंटेग्रिनच्या शेपटीला जाऊन धरतं, मग इंटेग्रिन ताठ उभं राहतं आणि फायब्रिनोजेन पकडतं. पकड बसली की त्याची वर्दी पुन्हा आत जाते आणि प्लेटलेट पसरते. म्हणजे आधी आतून बाहेर निरोप, मग बाहेरून आत. याला संवाद म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सुचवा, मी आनंदाने वापरेन. ‘इंटेग्रिनला स्वतःची विकरक्रिया (एन्झाइमसारखं काम) नाही’ हा तुमचा मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच ते आतल्या बाजूला इतर प्रथिनांचा गोतावळा जमवतं.

शिवाय, गोंद सुटला म्हणून काही कागद मरत नाही. अस्तराच्या कित्येक पेशी जाळ्यापासून सुटल्या की स्वतःला संपवतात. १९९४मध्ये या मरणाला ‘अनोइकिस’ म्हटलं गेलं. मूळ ग्रीक शब्दात बेघर होण्याचा अर्थ आहे. (बघा, कविता करणारा मी एकटाच नाही.)

आता रुग्णाच्या पदराबद्दल. तुम्ही रत्नागिरीकडचे, म्हणजे फुरसं तुम्हाला सांगायला नको. त्याच्या विषात रक्त गोठणं बिघडवणारी बरीच रसायनं असतात. त्यातलं एक इकिस्टॅटिन, अवघ्या ४९ अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. त्यात आर्जिनिन, ग्लायसीन, ॲस्पार्टिक आम्ल असा तीन मण्यांचा क्रम आहे. रुओस्लाह्ती आणि पिअर्सबाखर यांनी १९८४मध्ये फायब्रोनेक्टिनमधली पेशी धरायची जागा शोधली, ती नेमकी हीच. फुरशाचा हा रेणू प्लेटलेटच्या इंटेग्रिनमध्ये जाऊन बसतो आणि फायब्रिनोजेनला जागा उरत नाही. त्याच्या धर्तीवर टायरोफिबान हे औषध तयार झालं. १९९८पासून हृदयविकाराच्या रुग्णांना ते शिरेतून देतात.

पण माझा खरा पुरावा या औषधाच्या अपयशी भावंडांकडे आहे. शिरेतून देता येतं तर गोळी का नको, म्हणून त्याच इंटेग्रिनवरच्या गोळ्या आल्या. ३०,०००हून जास्त रुग्णांवर चाचण्या झाल्या आणि गोळी घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. निव्वळ गोंद पुसायचा असता तर असं व्हायला नको होतं. दाट संशय असा, की ते रेणू इंटेग्रिनच्या पकडीच्या खाचेत बसताना इंटेग्रिनला उघडं करत होते. अडवायला पाठवलेला पाहुणाच दार उघडून देत होता. इंटेग्रिनचे संशोधक टिमथी स्प्रिंगर यांच्या प्रयोगशाळेने २०२२मध्ये दाखवलं, की खाचेतला पाण्याचा एक रेणू जागेवर धरून ठेवणारी औषधं इंटेग्रिनला मिटलेलंच ठेवतात, आणि त्याला हुसकणारी ते उघडतात. त्याच वर्षी हाइन्स, रुओस्लाह्ती आणि स्प्रिंगर यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला. ‘पुरस्कार म्हणजे पुरावा नव्हे’ असं तुम्ही म्हणालच, आणि ते मला मान्य आहे. पाण्याच्या त्या रेणूबद्दल काय म्हणता, ते मात्र जरूर कळवा.

इंटेग्रिनलाच अडवणारं आणखी एक औषध, नॅटॅलिझुमॅब, २००४मध्ये बाजारात येऊन २००५मध्ये मागे का घेतलं आणि २००६मध्ये परत का आणलं, हेही तुम्ही विचारलं आहे. त्यात मेंदूत शिरणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि एक दबून बसलेला विषाणू अशी दोन प्रकरणं गुंतलेली आहेत. त्यावर वेगळा लेख लिहितो.