'चुकीचा ठसा म्हणजे दहापट भाव' हे साफ खोटं आहे

माझा मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्याला जुनी रिव्हॉल्व्हर जमवायचा नाद आहे. परवा त्याने एका विक्रेत्याकडचे फोटो पाठवले, सोबत तो सगळीकडे फिरणारा मेसेज, आणि खाली एकच ओळ: "ताई, घेऊ का?" मेसेज म्हणतो, कारखान्यात ठसा उमटवताना झालेली कोणतीही चूक रिव्हॉल्व्हरची किंमत दहापट करते. कॅलिबर (म्हणजे कोणतं काडतूस चालतं त्याचं माप) दोन ठिकाणी वेगवेगळं, सुट्या भागांवरचे आकडे न जुळणारे, सिरियल नंबरच नाही, असं काही दिसलं की घेऊन टाका. कागदपत्रं मागत बसू नका. पॉलिश करून ठसे ठळक करा आणि विका. पैसे भरायच्या बेतात असलेल्या माणसापर्यंत हे पोचलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी कॅलिबर, कारण यात माणसाला इजा होऊ शकते. फोटोतलं रिव्हॉल्व्हर दुसऱ्या महायुद्धातलं, स्मिथ अँड वेसन कंपनीचं व्हिक्टरी मॉडेल. बॅरलवर मूळ ठसा '.३८ एस अँड डब्ल्यू'चा आणि शेजारी '.३८ स्पेशल'. विक्रेत्याच्या मते हा कारखान्याचा गोंधळ, म्हणून दुर्मीळ. गोंधळ कसला? लेंड-लीज या अमेरिकेच्या युद्धसाहित्य पुरवायच्या योजनेखाली ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या फौजांना गेलेली ही रिव्हॉल्व्हर .३८ एस अँड डब्ल्यू या आखूड काडतुसासाठी बनली होती. युद्धानंतर ती स्वस्तात बाजारात आली आणि अमेरिकेत सहज मिळणारं .३८ स्पेशल बसावं म्हणून कित्येकांच्या सिलिंडरची, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाची, भोकं आतून कोरून लांबवली गेली. स्पेशलचं काडतूस लांब, पण अंगाने बारीक: पुंगळीचा, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचा, व्यास साधारण ९.६ मिमी, एस अँड डब्ल्यूचा ९.८. भोक कोरून लांब करता येतं, अरुंद करता येत नाही. बार उडाला की पितळी पुंगळी त्या सैल जागेत फुगते, कधी उभी चिरते. अशा हत्याराला 'दुर्मीळ' म्हणून विकणं मला अक्षम्य वाटतं.

ब्रिटनमधून पुढे विकल्या गेलेल्या नगांवर तिथल्या प्रूफ हाऊसचे, म्हणजे बंदुका तपासणाऱ्या संस्थेचे, ठसेही सापडतात: .३८, .७६७, ३½ टन. मेसेजात हेसुद्धा 'चुकून पडलेले आकडे' आहेत. .७६७ ही इंचातली पुंगळीची लांबी आणि टन हे दाबाचं माप. स्पेशलची पुंगळी १.१५५ इंच असते. म्हणजे हे हत्यार स्पेशलसाठी तपासलंच गेलं नव्हतं, हे तो ठसाच सांगतोय.

भावाला मी फोटो मोठे करून बघायला लावले. कारखान्यात ठसा आधी उमटतो, मग पॉलिश, मग फिनिश, म्हणजे धातूवरचा शेवटचा थर. त्यामुळे अक्षरांच्या कडा सपाट होतात आणि फिनिश अक्षरांच्या तळापर्यंत पोचतं. इथे '.३८ स्पेशल'च्या प्रत्येक अक्षराभोवती धातूची बारीक कड उठलेली होती आणि तळाला उघडं पोलाद चमकत होतं.

सिरियल नंबर नसलेलं रिव्हॉल्व्हर 'सगळ्यात मौल्यवान' असल्याचा मुद्दा तर सरळ तुरुंगाचा रस्ता आहे. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्या स्वतःच्या हिशेबासाठी एकोणिसाव्या शतकापासून नंबर घालत आले. १९६८च्या अमेरिकी कायद्याने तर प्रत्येक नव्या बंदुकीवर तो सक्तीचा केला. नंबर नाही याचा अर्थ बहुतेक वेळा कुणीतरी तो घासून काढलाय. नंबर खोडलेलं हत्यार जाणूनबुजून बाळगणं हा तिथे संघीय गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

'न जुळणाऱ्या आकड्यां'वर फार वेळ घालवत नाही. स्मिथ अँड वेसनचं सिलिंडर बाहेर काढलं की आत दिसणारा आकडा पुष्कळदा जुळणीपुरता असतो, त्याचा सिरियल नंबरशी संबंध नसतो. कोल्टच्या १९१७च्या लष्करी मॉडेलवर मुठीच्या तळाशी सैन्याचा नंबर आणि आत कंपनीचा वेगळा नंबर, हे मुद्दामच होतं. घोडदळाची जुनी कोल्ट आखूड करून 'आर्टिलरी' (तोफखाना) नावाची बनवली तेव्हा भागांची सरमिसळ झाली. तिथे नंबर न जुळणं हीच रीत.

मेसेजात विमान चुकून उलटं छापलं गेलेल्या अमेरिकी टपाल तिकिटाचा दाखला आहे. १९१८चं ते तिकीट. चूक एका अख्ख्या पानावर झाली, शंभर तिकिटं विकली गेली, संख्या जगाला माहीत. पोलादावर अक्षर ठोकायला हातोडी आणि पंच पुरतो. जुन्या कोल्टवरची सैन्याचा तपासनीस एन्सवर्थ याची 'ओडब्ल्यूए' ही अक्षरं अमेरिकी सेनानी कस्टरच्या प्रसिद्ध सातव्या घोडदळाशी जोडली जातात, म्हणून त्यांची नक्कल वर्षानुवर्षं होत आली आहे.

म्हणूनच 'कागदपत्रं मागू नका' हा सल्ला मला सगळ्यात लबाडीचा वाटतो. स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन शुल्क घेऊन कंपनीच्या मूळ नोंदींवरून पत्र देतं. हत्यार कधी, कुणाकडे, कोणत्या कॅलिबरमध्ये आणि किती लांबीच्या बॅरलसह रवाना झालं, ते त्यात असतं. कोल्टचीही अशी सोय आहे. पत्रात एक कॅलिबर आणि बॅरलवर दुसरं असेल, तर वाद तिथेच संपतो. ठसा दोनदा पडला होता का, हे मात्र पत्रात सहसा नसतं, कारण तशी नोंद कुणी ठेवतच नसे.

एक मान्य करावं लागेल. खऱ्या चुका होतात. मॉडेल नंबर राहून जातो, ठसा दुहेरी पडतो, एखादं अक्षर उलटं बसतं. फिनिश मूळचं, ठशावर नंतरचं काम नाही, त्याच नंबरचा डबा सोबत, असं सगळं असेल तर त्याच मॉडेलचा नाद असलेला संग्राहक थोडे जास्त देईल. दहापट नाही. बाकीचे तेवढेही देत नाहीत, उलट संशय घेऊन भाव पाडतात.

आणि पॉलिश? कृपा करून करू नका. मूळ फिनिश गेलं की ते परत येत नाही. पॉलिशच्या चाकाखाली ठशांच्या कडा गोल होतात, स्क्रूची भोकं पसरट होतात, आणि तुमच्या हातात एखादी अस्सल चूक असलीच, तरी ती मूळची आहे हे ओळखायची खूणही त्यातच पुसली जाते.