"परीक्षेला आली तरी चालतंय"

आज भाचीच्या बी.ए.च्या अ‍ॅडमिशनसाठी माझ्याच जुन्या कॉलेजात गेलो होतो. खिडकीतल्या माणसानं कागद घेतले आणि मान वर न करता म्हणाला, "हजेरीचं टेन्शन घेऊ नका. परीक्षेला आली तरी चालतंय." भाचीनं माझ्याकडे बघितलं. पोरगी नवी वही घेऊन आली होती.

तेव्हापासून डोकं फिरलंय.

हिची आई, माझी ताई, दहावीनंतर घरी बसली. का, तर मी शिकावं म्हणून. मी सुट्टीत गावी गेलो की पहिला प्रश्न, "काय शिकवलं रे यंदा?" एस.वाय.ला होतो तेव्हा ती कांदाचाळीत कांदा निवडत बसलेली. मी तिला अर्थशास्त्रातली मागणीची लवचिकता सांगितली. कांदा स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट कांदा खात नाही, म्हणून पीक वाढलं की भाव असा कोसळतो. ताईचा हात थांबला. "मग सगळ्यांनी एकदम लावू नये हे लासलगावला कुणी सांगत का नाही?"

पुढच्या साली तिनं दाजींशी भांडून अर्ध्या रानात गहू केला.

हे शिक्षण! आमच्या सरांच्या तासाला मी बसलो होतो म्हणून ते त्या चाळीपर्यंत पोचलं. नुसता परीक्षेला गेलो असतो तर गाईडातली व्याख्या पाठ झाली असती, बाकी काही नाही.

पदवीनं नोकरी मिळत नाही, मान्य. २०२३ च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि अर्ज दहा लाखांवर, सगळे पदवीधर. पोरं क्लासला पळतात त्यात त्यांचा दोष नाही. पण म्हणून कॉलेजनंच "येऊ नका" म्हणायचं? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. ते काय परीक्षेपुरतं उगवणाऱ्या पोरांसाठी?

आणि शिकवायला आहे कोण? माझा वर्गमित्र प्राध्यापकीची नेट परीक्षा पास झालेला, बारा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे, तेही कधी चार महिन्यांनी. मे महिन्यात तास नाही, पैसे नाहीत. कायम जागा भरायच्या नाहीत, वर्ग ओस पाडायचे आणि मग म्हणायचं डिग्रीला किंमत राहिली नाही. किंमत आपण घालवली. नव्या शिक्षण धोरणात पदवीला चौथ्या वर्षाची सोय केली, ठीक आहे, पण चौथ्या वर्षी फळ्यापाशी उभं कोण राहणार?

खिडकीतल्या त्या माणसावर आता राग नाही. तोही कंत्राटीच असेल. खरंच त्याला वाटलं असेल, पोरीची एसटीची दगदग वाचवतोय.

संध्याकाळी ताईचा फोन आला. अ‍ॅडमिशन झालं का, फी किती, काही नाही विचारलं. "पहिला तास किती वाजता आहे रे?" एवढंच. मला सांगता आलं नाही. नोटीस बोर्डावर गेल्या वर्षीचं वेळापत्रक होतं.

सोमवारी परत जातोय. नवं वेळापत्रक हातात घेतल्याशिवाय खिडकीवरून हलणार नाही.