‘भूक लागली की खाईल’ हा सल्ला मांजराच्या जिवावर बेततो

सोबतीचं मांजर किंवा कुत्रं गेल्यावर मागे उरलेल्या मांजराचं काय करायचं, यावर एक पाचकलमी फॉरवर्ड फिरतोय. परवा तो एका मैत्रिणीपर्यंत पोचला. तिच्या बोक्याने खाणं टाकलं होतं आणि ती हा मेसेज वाचून निवांत वाट बघत बसली होती. म्हणून हा खटाटोप.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं: मांजराला दुःखबिःख होत नाही. खात नसेल तर लक्ष देऊ नका, भूक लागली की खाईल. फारच कावरंबावरं झालं तर माणसांची झोपेची गोळी पाव द्या. गेलेल्याच्या सगळ्या वस्तू त्याच दिवशी धुऊन टाका. आणि आठवड्याच्या आत नवं पिल्लू आणा.

दुसरं कलम आधी घेते, कारण जीव जातो तो त्यातच.

उपास घडला की मांजराचं शरीर साठलेली चरबी भराभर यकृताकडे धाडतं. एवढी चरबी हाताळायची मांजराच्या यकृताची कुवत नसते. ती बाहेर काढायला प्रथिनं लागतात आणि ती अन्नातून येतात, जे पोटात जातच नसतं. चरबी पेशींत साचते आणि यकृत हळूहळू काम सोडतं. याला हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. काही मांजरांना दोन-तीन दिवसांचा उपासही पुरतो. ‘गुबगुबीत आहे, अंगात साठा आहे, काय बिघडतंय’ हा तर्क तर साफ उलटा, कारण सर्वांत जास्त धोका लठ्ठ मांजरालाच असतो. शिवाय यकृत बिघडलं की मळमळ सुरू होते आणि उरलीसुरली भूकही मरते. म्हणजे फॉरवर्डवाले ज्या भुकेची वाट बघायला सांगतात, ती लागतच नाही. लाळ गळणं, उलट्या, कानाच्या आतली कातडी, हिरड्या किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसणं, इथवर गाडी आली की बहुधा अन्ननलिकेत नळी घालून कित्येक आठवडे भरवावं लागतं.

तेव्हा हिशेब असा ठेवा. मोठ्या मांजराने 24 तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा. 48 तास होऊ द्यायचे नाहीत. पिल्लाच्या बाबतीत 12 तासही खूप झाले. ‘थोडंसं खातंय’ या अंदाजावर राहू नका, अन्न वजन करून ठेवा आणि उरलेलं मोजा. 4 किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 250 किलोकॅलरी लागतात. नेहमीच्या निम्म्यावर दोन-तीन दिवस निघाले तरी दाखवून आणा. बाळांच्या वजनकाट्यावर रोज वजन करा. 4 किलोतले 200 ग्रॅम डोळ्यांना कळत नाहीत, पण ते 5 टक्के असतात.

ओलं अन्न कोमट करून, साधारण 38 अंशांपर्यंत, नीट ढवळून चमचाभरच समोर ठेवा. वीसेक मिनिटांत तोंड लावलं नाही तर उचला. मळमळणाऱ्या मांजरासमोर तीच बशी दिवसभर राहिली की त्या अन्नाचाच त्याला तिटकारा बसतो. सिरिंजने कोंबू नका: तिटकारा तर बसतोच, वर घास श्वासनलिकेत जायची भीती. भूक वाढवायला मिर्टाझापिन असतं, कानाच्या आतल्या बाजूला लावायच्या मलमाच्या रूपातही. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आणखी एक. सोबती अचानक गेला असेल तर ‘हे दुःखाने खात नाहीये’ असं ठरवून मोकळे होऊ नका. त्याला जे विष किंवा जो संसर्ग भोवला, तोच यालाही झालेला असू शकतो. बोका लिटर बॉक्समध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाहीये, असं दिसलं तर त्याच क्षणी निघायचं. ताणाने मूत्राशयाला सूज येते, मूत्रमार्ग तुंबतो आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो.

गोळीचं कलम लिहिणाऱ्याला काय म्हणावं! पोटातून दिलेल्या डायझेपामने (माणसांना चिंता, झोप यांसाठी देतात ते औषध) मांजरांचं यकृत तडकाफडकी निकामी झाल्याच्या नोंदी 1990च्या दशकापासून आहेत. ‘जरा आराम पडेल’ म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची तर एक गोळीही मांजराला मारू शकते. पाव नाही, निम्मी नाही, काहीच द्यायचं नाही.

दुःख होत नाही म्हणणाऱ्यांसाठी: 2016 साली ‘ॲनिमल्स’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या पालकांची पाहणी छापून आली. तीत 152 मांजरं होती. 78 टक्क्यांच्या मायेच्या, जवळिकीच्या वागण्यात फरक पडला होता, 43 टक्के जास्त वेळा ओरडू लागली होती, बरीचशी गेलेल्याच्या आवडत्या जागी जाऊन बसत होती. हे बदल बहुतेकदा सहा महिन्यांच्या आत ओसरले. आता ही सगळी पालकांनी सांगितलेली माहिती, आणि पालक स्वतःही दुःखात. त्याला आपण ‘दुःख’ म्हणावं का, यावर वाद घालता येईल. दुसऱ्याच्या दहशतीखाली जगलेलं मांजर तो गेल्यावर उलट खुलतं, हेही खरं. पण ‘काहीच होत नाही’ हे खोटं. रात्री ओरडणारं मांजर दहा वर्षांच्या पुढचं असेल तर मात्र थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्या, सगळं सोबत्याच्या माथी मारू नका.

धुण्याच्या कलमात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. सोबती पॅनल्युकोपेनियाने, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या विषाणूजन्य रोगाने, गेला असेल तर धुवावंच लागतं: आधी घाण साफ, मग एक भाग ब्लीच आणि 32 भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवून पुसणं, आणि सुकेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. संसर्ग नसेल तर घाई कशाला? निदान एक पांघरूण न धुता राहू द्या. मांजराचं घर वासावर उभं असतं. सोबती आणि वास एकाच दिवशी गेले की त्याला घरच परकं होतं. खाण्याच्या, खेळण्याच्या वेळा मात्र घड्याळ लावून पाळा.

पॅनल्युकोपेनियाचा तो विषाणू घरात वर्षभरही टिकतो. लस न झालेलं पिल्लू आठवड्यात त्या घरात आणणं म्हणजे त्याला मरणाच्या दारात सोडणं. संसर्ग नसला तरी, आहे ते मांजर नीट खाईपर्यंत, वजन स्थिर होईपर्यंत थांबा. आणि पिल्लू म्हणजे गेलेल्याची बदली नव्हे. म्हाताऱ्या मांजराला तर तो निव्वळ छळ. आणायचंच ठरलं तर पहिले काही दिवस त्याची खोली, वाटी, लिटर बॉक्स सगळं वेगळं. मग पांघरुणांची अदलाबदल, मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण, मग फटीतून दर्शन. फिसकारणं सुरू झालं की एक पायरी मागे. यात आठवडे जातात, कधी महिनेही. आणि लिटर बॉक्स मांजरांपेक्षा एक जास्त: दोघांना तीन, तेही एका रांगेत नकोत, वेगवेगळ्या जागी.